आपल्या घरचा दिवस

देवळातल्या वेदीवर जांभळं कापड चढलं की मला अजूनही धास्ती वाटते. लेंट लागला म्हणून नव्हे. उपवासाचं मला कधी फारसं जड गेलं नाही. चहा सोडला तर डोकं दुखतं, पण डोकं माझं चहा पिऊनही दुखतं. धास्ती वाटते ती एका वहीमुळे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, मागच्या पानावर कोणाकोणाचे फोन नंबर खरडलेली साधी वही. तिच्यात घरांची यादी असते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ म्हणजे लेंट. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो आणि तिथल्या लोकांना मंडळी. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, देवळात उपासना होते आणि दुसऱ्या दिवसापासून, रविवार सोडून, रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना. ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोजून तेहतीस घरं होतात. सात वाजता सतरंजी, दोन गीतं, शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक भाग, पाळकसाहेबांचे चार शब्द, आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेला बसलेल्यांसाठी प्रार्थना, मग चहा आणि कच्चा चिवडा. कोणत्या दिवशी कोणाचं घर, हे ठरवायचं काम मंडळीच्या सेक्रेटरीचं. गेली अकरा वर्षं सेक्रेटरी मीच आहे.

हे दिवस अमरावतीत मोठे चमत्कारिक असतात. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी पंखा. बडनेरा रोडवरच्या कडुनिंबांची पानं झडून रस्त्याच्या कडेला गोळा होतात, आणि गावाबाहेर पडलं की पळस फुललेला दिसतो. तूर निघून गेलेली असते, तुराट्यांचे भारे बांधावर उभे असतात. गल्लीत कोणीतरी माळ्यावरचा कूलर खाली काढून त्याच्या जाळ्या धूत असतं आणि तो ओल्या वाळ्याचा वास दोन घरं पलीकडे जातो. बारावीची पोरं ऑटोत बसल्या बसल्या वह्या चाळतात, कोणाकडे मान वर करून बघत नाहीत. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून आहे. त्यामुळे माझी दोन्ही कामं एकदमच अंगावर येतात. दिवसा हॉल तिकिटं, संध्याकाळी गीतं. स्कूटरवर पायांच्या मध्ये हार्मोनियम घेऊन मी या टोकाहून त्या टोकाला जातो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. लोक म्हणतात, "प्रकाशभाऊ आहेत म्हणून सगळं वेळेवर होते." ऐकायला कोणाला वाईट वाटतं?

माझे वडील मात्र असं कधी म्हणाले नाहीत.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. आधी अकोल्याला, मग बडनेऱ्याला बदली झाली आणि तिथंच ते रिटायर झाले. रूळ बदलायचं काम. गाडीनं कोणत्या वाटेनं जायचं ते त्यांच्या हातानं ठरायचं, पण स्वतः ते फार कुठं गेले नाहीत. त्यांची एक सवय सगळ्या क्वार्टरांमध्ये ठाऊक होती. झोपेतून उठल्यावर पहिला शब्द ते देवाशी बोलायचे. त्याआधी कोणाशीही, काहीही नाही. आईशी नाही, माझ्याशी नाही, दारात आलेल्या माणसाशीही नाही. उठायचे, पाण्याच्या माठापाशी जायचे, चूळ भरायचे आणि तिथंच उभे राहून म्हणायचे, "बापा, उठलो. आजचा दिवस तुया." पुढं दोन मिनिटं ओठ हलत. मग वळून आईला म्हणायचे, "चहा ठेव."

लहानपणी त्यांना आधी बोलायला लावायचा मी चंगच बांधला होता. एकदा पहाटे ओरडलो, "बाबा, साप!" बाबा उठले. काठी घेतली. खाटेखाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, माझी चादर झटकली. तोंडातून अवाक्षर नाही. साप नाही अशी खात्री झाल्यावर माठापाशी गेले, देवाशी बोलले, आणि मग परत येऊन माझा कान असा पिळला की साप परवडला असता.

दुसरी आठवण स्टेशनमास्तरांची. कोणीतरी रजेवर गेला म्हणून बाबांना जादा ड्युटीला बोलवायला साहेब सकाळीच स्वतः क्वार्टरवर आले. कडी वाजवली. बाबा नुकते उठलेले. त्यांनी दार उघडलं, साहेबांना पाहिलं आणि एक बोट वर केलं. थांबा. साहेब उंबऱ्यात तसेच. बाबा शांतपणे माठाकडे गेले, त्यांचं ते बोलणं उरकलं आणि मग दाराशी येऊन म्हणाले, "हां, बोला साहेब."

साहेब लालबुंद. "तुम्हाला बोलता येत नव्हतं का इतका वेळ?"

"येत होतं साहेब," बाबा म्हणाले. "पण पहिला शब्द तुमाले देला असता, तं देवाले दुसरा द्या लागला असता."

साहेब यावर काय म्हणाले ते मला आठवत नाही. आईचा हात कपाळावर गेलेला तेवढा आठवतो. नोकरी जाते की काय असं तिला वाटलं असणार. गेली नाही. पुढं तेच साहेब कोणाला काही सांगायला बाबांकडे पाठवताना म्हणत, "आधी त्यांचं होऊ दे, मग सांग."

आता माझी सकाळ सांगतो. गजर फोनवरच लागतो, म्हणून हात आधी फोनवर जातो. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज पहाटे त्यावर एक वचन टाकायचं कामही माझंच. कमळाचं किंवा सूर्योदयाचं चित्र, वर 'सुप्रभात', खाली वचन. मी ते अंथरुणातून टाकतो. मग कोणी 'आमेन' लिहिलं ते बघतो. कोणी नाही लिहिलं तेही बघतो. मग कोणाचा तरी फोन येतो, मग पाणी येतं, मग ऑफिस. इतक्या लोकांना देवाचा शब्द वाटून झाल्यावर माझा स्वतःचा शब्द राहून गेलाय हे कधी दुपारी जेवताना लक्षात येई, कधी तेव्हाही येत नसे. यात मला काही चुकतंय असं वाटतही नव्हतं. सगळं देवाचंच तर चाललं होतं!

मला आठवतो तो लेंट तीन वर्षांपूर्वीचा. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा ब्याऐंशीचे होते आणि काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड कुठून येतो ते कळे, माणूस कोण ते आवाजावरून. बडनेऱ्याच्या छोट्या देवळात पूर्वी शास्त्राचा भाग बाबाच वाचत. खणखणीत, न अडखळता. नजर गेल्यापासून कोणी त्यांना वाचायला सांगत नव्हतं, आणि कसं सांगणार? ते मागच्या बाकावर बसून ऐकत. याचं त्यांना काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नाही.

जे मला फार उशिरा कळलं ते इथंच सांगून टाकतो. माझी बायको प्रमिला रोज सकाळी भाकरी थापताना ओट्यावर शास्त्र उघडं ठेवी. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसत. ती एक ओळ वाचायची, ते तीनदा म्हणायचे. पिठाच्या हातानं पान उलटलेलं असे, म्हणून त्या पानांवर अजूनही ज्वारीचे पांढरे ठसे आहेत. नाताळापासून त्यांचं हे चाललं होतं. एक अख्खा लांबलचक अध्याय ते पाठ करत होते. आपल्या घरी प्रार्थना होईल त्या दिवशी, सगळ्या मंडळीसमोर, पुस्तक हातात न घेता त्यांना तो म्हणायचा होता. मला सांगायचं नाही, असं त्यांनी प्रमिलेला बजावलं होतं. मला चकित करायचं होतं त्यांना. ब्याऐंशीव्या वर्षी.

यादीत आमचं घर मी पहिल्या गुरुवारी लिहिलं होतं. पेन्सिलीनं, कारण सगळीच नावं पेन्सिलीनं लिहितो. बुधवारी संध्याकाळी देवळाबाहेर एक जण म्हणाले, त्यांच्याकडे शनिवारी पाहुणे येताहेत, गुरुवारी जमेल का? जमेल की. आमचं नाव खोडलं, शनिवारी टाकलं. दुसऱ्या एकीचं घर सोमवारी होतं, पण मंगळवारी तिच्या मुलीचा क्लासचा मोठा पेपर होता, तिला शनिवारच बरा पडत होता. खोडलं. मग कोणाच्या गल्लीत पाणी यायचा दिवस, कोणाची रात्रपाळी, कोणाची सासू दवाखान्यात. ज्याला जो दिवस हवा तो आमचाच निघायचा. आणि मी दर वेळी म्हणायचो, आमचं काय, आमचं घर घरचंच आहे.

बाबा रोज संध्याकाळी विचारत. मी हार्मोनियम काढायला आलो की खाटेवरून आवाज येई, "आज कोनाच्या घरी?"

मी सांगे.

"आन् आपला नंबर कई येते?"

"येईन ना बाबा. आपलं घर काय पळून चाल्लं?"

"घर नाई पयत," ते एकदा म्हणाले. "मानूस पयते."

मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना असं बोलायची सवय असते असं वाटलं. शिवाय त्यांनी ते पुन्हा पुन्हा विचारायचं याचा मला थोडा रागही यायचा, हे कबूल करतो. इतक्या लोकांची मी सोय बघतोय, घरच्यांनी तरी समजून घ्यावं, असं मनात येई. तिकडे मुलगी शलोमी बारावीला बसली होती. तिचा केमिस्ट्रीचा पेपर होऊन आला तेव्हा मी कोणाच्या तरी घरी सतरंज्या कमी पडल्या म्हणून धावत होतो. कसा गेला ते तिनं तिच्या आबांना, म्हणजे आजोबांना, सांगितलं.

सरकत सरकत आमचं घर शेवटच्या शनिवारी आलं. तेहतिसाव्या दिवशी. त्या पानावर आमचं नाव जिथं जिथं होतं तिथं तिथं कागद खोडरबरानं विरला होता. प्रमिलेनं शुक्रवारी सतरंज्या धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या. शेजारच्या गवईकाकूंनी न मागता चार खुर्च्या भिंतीवरून दिल्या. त्या दरवर्षी प्रार्थनेला मागं येऊन बसतात. त्यांच्या घरच्या बुद्धवंदनेला जसं आमचं घर जातं तसंच त्यांचं इकडं. बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करायला लावला.

शनिवारी अकरा वाजता ऑफिसात दाभाडेसाहेबांचा फोन आला. आमच्या मंडळीतले जुने अधिकारी, भला माणूस. त्यांच्या घरची प्रार्थना आधीच होऊन गेली होती. त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी भांडून पुण्याला गेला होता, तो अचानक आला होता. एकाच रात्रीसाठी. सकाळी परत जाणार होता. "प्रकाशभाऊ, तो घरात हाय तोवर आमच्या घरी प्रार्थना झाली तं…"

मी एका क्षणात म्हणालो, "त्यात काय साहेब! आमचं घर घरचंच आहे."

आज मला कळतं की दोन्ही जमलं असतं. साडेपाचला आमच्याकडे, साडेसातला त्यांच्याकडे. एवढं साधं गणित. तेहतीस घरांची जुळवाजुळव करणाऱ्याला ते सुचलं नाही, कारण सुचायची गरजच वाटली नाही. आमचं घर हलवायची हाताला सवय झाली होती.

प्रमिलेला फोन केला. ती म्हणाली, "तुमीच सांगा त्याईले. मी नाई सांगत."

पाचला हार्मोनियम घ्यायला घरी गेलो. बाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, भांग पाडलेला, पायांत चपला नाहीत. आंघोळ करून बसले की ते चपला घालत नसत. माझ्या स्कूटरच्या आवाजावरून त्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. दाभाडेसाहेब, मुलगा, पुणे, एकच रात्र.

"बरं," बाबा म्हणाले. आणि मग, "देवाले इचारलं काय?"

"काय?"

"आज त्याचा बी नंबर होता ना इथं. त्याले इचारलं काय, का बापा, तुयं घर आज बदलवतो मनून?"

वेळ नव्हता. मी हार्मोनियम उचलली आणि गेलो.

दाभाडेसाहेबांकडची प्रार्थना चांगली झाली. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. तो मुलगा आधी दाराशी उभा होता, दुसऱ्या गीताला येऊन सतरंजीवर बसला आणि शेवटी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. देव त्या घरी होता, हे मी पाहिलं. माझी बोटं पट्ट्यांवर चालत होती आणि डोळ्यांपुढे ओसरीवरची खुर्ची होती. बाबांना उचलून स्कूटरवर घालून इथं आणायला काय झालं होतं मला? तेही सुचलं नव्हतं.

साडेआठला घरी आलो तर शलोमी सतरंजी गुंडाळत होती. मी विचारलं, "कोणी आलं होतं का?"

"प्रार्थना झाली आपली," ती म्हणाली. "मी, आई आणि गवईकाकू. आबांनी अख्खा अध्याय म्हटला, बाबा. न बघता. मध्ये दोन ओळी विसरले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं."

"रेकॉर्ड केलंस?"

"मी फोन काढला होता. आबा म्हणाले, ते आंधी ठेव, मंग म्हनतो."

बाबा आत झोपले होते, किंवा तसे पडले होते. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. सकाळी गवईकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, काय बोलले तुमचे बाबा काल! मले अर्धं समजलं अन् अर्धं नाई, पन रडूच आलं. तुमी कुठं होते?"

मी बाबांना म्हटलं, "बाबा, मलेही आयकवा ना."

"आयकवीन ना," ते म्हणाले. रागाचा मागमूस नव्हता. "आंधी बस तं खरा."

मी बसलो असतो. खिशातला फोन वाजला. पवित्र आठवडा सुरू होत होता, गुरुवारची उपासना, शुक्रवारची तीन तासांची, ईस्टरची पहाट. मग उत्तरपत्रिकांचं काम आलं. मी रोज म्हणायचो, आज संध्याकाळी. ते म्हणायचे, बस तं. मग मे महिन्यात ते माझ्या बहिणीकडे अकोल्याला गेले. उन्हाळ्यात लोक अकोल्याहून पळतात आणि हे अकोल्याला निघाले, म्हणून आम्ही सगळे त्यांना चिडवत होतो. "पोरीच्या घरी ऊन नाई लागत," असं म्हणून ते गाडीत बसले. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. लकवा. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

दवाखान्यात मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, तो अध्याय ऐकायचा राहिला." त्यांच्या बंद डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लहान मुलासारखा रडलो. अकोल्याची ती दुपार भाजून काढत होती. मला एवढंच वाटत होतं की दहा मिनिटांचं ऐकणं होतं. बडनेऱ्याची ऑटो भरायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्यानंतर मी फार विचार केला. आमच्या ऑफिसात फायलींवर लाल चिठ्ठी लावतात, 'तातडीचे'. लाल चिठ्ठीची फाईल वर येते, बाकीच्या खाली जातात. माझं आयुष्य तसंच चालत होतं. देव कधी तातडीचा नसतो. तो फोन करत नाही, रागावत नाही, दिवस बदलला तर मंडळीच्या मीटिंगमध्ये विषय काढत नाही. बाबाही तसेच. म्हणून दोघं खाली खाली जात राहिले. मी देवाच्या कामाला पहिलं ठेवलं होतं, यात शंका नाही. पण कामाला पहिलं ठेवणं आणि त्याला पहिलं ठेवणं यांत काहीतरी फरक आहे, आणि तो माझ्या लक्षात यायला तेहतीस घरं आणि एक खुर्ची लागली. सगळं हलवता येतं, पण काहीतरी एक असं असायला हवं की जे हलवायचं नाही. बाबांचं ते सकाळचं वाक्य तसं होतं. स्टेशनमास्तर आला तरी ते जागचं हललं नाही.

प्रमिलेकडून मी तो अध्याय शिकलो. तिनं भाकरी थापत वाचायचं, मी स्टुलावर बसून म्हणायचं. कोणता अध्याय ते सांगत नाही, ते त्या दोघांचं आहे. बाबांना घरी आणल्यावर रोज सकाळी त्यांच्या खाटेशी बसून म्हणायचो. ते ऐकतात की नाही कळत नसे. कधी ओठ हलल्यासारखे वाटत.

पण माणूस सुधारतो तो सलग सुधारत नाही. सहा महिने नेटानं चाललं, मग एक दिवस राहिला, मग दोन. गजर फोनवरच लागतो, आणि वचनाचं चित्र अजून मीच पाठवतो. आणि पुढच्या दोन्ही लेंटांत यादीत आमचं घर मी लिहिलंच नाही. आजारी माणसाच्या घरी गर्दी कशाला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे की ती खुर्ची बघत मला तिथं हार्मोनियम वाजवता आली नसती.

यंदा पळस जरा लवकरच फुलला. जानेवारी संपता संपता पाळकसाहेबांनी वही पुढं केली. मी घरी आणून ओट्यावर ठेवली. प्रमिलेनं पेन्सिल उचलून दुसरीकडे ठेवली आणि माझ्या खिशातलं पेन काढून दिलं. मी पहिल्या गुरुवारी आमचं नाव पेनानं लिहिलं.

तो गुरुवार आला. आदल्या दिवशी सतरंज्या धुऊन झाल्या होत्या. गवईकाकूंच्या खुर्च्या भिंतीला लागून उभ्या होत्या. सकाळी साडेपाचला मी बाबांच्या खाटेपाशी बसलो. त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं. बसायचं, अध्याय म्हणायचा, असं ठरवलं होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. दाभाडेसाहेब. हात आपोआप गेला. मी फोन कानाला लावायला उचलला आणि माझी नजर बाबांवर पडली.

त्यांनी डावा हात चादरीवरून उचलला होता. हळूहळू. मग त्यातलं एक बोट वर आलं.

थांब.

ते बघू शकत नाहीत, बोलू शकत नाहीत. पण फोनची थरथर त्यांना ऐकू आली होती आणि माझा पहिला शब्द कुठं चालला होता ते त्यांना कळलं होतं. मी फोन पालथा ठेवला. तो बराच वेळ थरथरत राहिला. मी म्हटलं, "बापा, उठलो. आजचा दिवस तुया." आणि अध्याय सुरू केला. मध्ये दोन ओळी विसरलो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटला. त्यांचं बोट तसंच होतं.

संपल्यावर मी दाभाडेसाहेबांना फोन लावला. "हां, बोला साहेब."

त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याचं शुक्रवारी ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थना झाली तर बरं, म्हणजे आजची. त्यांचा आवाज काळजीचा होता आणि माझ्या तोंडात ते जुनं वाक्य तयारच होतं, अगदी ओठांवर.

"वहिनींना घेऊन इथंच या साहेब," मी म्हटलं. "गाडीपासून आम्ही धरून आणू, खुर्ची आहे. त्यांच्यासाठी इथं प्रार्थना करू. पण आजचा दिवस बदलता नाही यायचा. तो देऊन झाला."

"असं काय?" ते जरा चकित झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणत होतो. "कोनाले देला?"

मी बाबांकडे पाहिलं.

"ज्याचा होता," मी म्हटलं, "त्यालेच."

बाबांचं बोट हळूच खाली आलं.